पोलो जीटीचा एक्झॉस्ट बदलताय? आधी आवाज ठरवा, पाइप नंतर

फोक्सवॅगनने २०२२ मध्ये भारतात पोलो बंद केली, पण तिच्या टर्बो पेट्रोल आवृत्तीचं, जीटी टीएसआयचं, वेड काही उतरलं नाही. त्यातून गाडी चाकणच्या कारखान्यातली, म्हणजे पुणेकरांना तर घरचीच. अशी गाडी हातात आली की थोड्याच दिवसांत डोक्यात किडा वळवळायला लागतो: पळते झकास, पण आवाज मिळमिळीत. एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप-सायलेन्सर, बदलायला हवा.

मग गॅरेजवाला एक सांगतो, ग्रुपवरचा मित्र दुसरंच सांगतो आणि व्हिडिओ बघून तिसरंच काहीतरी आवडतं. त्या गोंधळात उतरण्याआधी वाचायला म्हणून हा लेख. उदाहरण पोलो जीटीचं घेतलंय, पण आय-ट्वेंटी एन लाइन किंवा अल्ट्रोज रेसरवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. त्याही छोट्या टर्बो पेट्रोल गाड्याच.

पहिली पायरी: ताकद हवी की आवाज, हे स्वतःशी कबूल करा

मूळ गाडीचे आकडे बघा. २०१३ साली आलेली १.२ टीएसआय चार सिलिंडरची, १०५ पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. २०२० पासूनची १.० टीएसआय तीन सिलिंडरची, ११० पीएस आणि टॉर्क तेवढाच, १७५. या दोन्ही गाड्यांना नुसता मागचा पाइप आणि सायलेन्सर बदलून मिळणारी वाढ इतकी किरकोळ असते की पायाला कळतसुद्धा नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. या गाड्यांमध्ये किती टॉर्क द्यायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो आणि त्या हिशोबाने टर्बोचं प्रेशर राखतो. टर्बोच्या मागची वाट मोकळी केली की त्याला श्रम कमी पडतात एवढंच. ईसीयू मागतो तेवढाच टॉर्क मिळतो. ताकद वाढवायची तर रीमॅप, म्हणजे ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये बदल, करावा लागतो, आणि ज्याला स्टेज वन म्हणतात त्या रीमॅपला एक्झॉस्ट बदलायची गरजच नसते. तेव्हा कोणी ‘नुसत्या एक्झॉस्टने दहा-पंधरा बीएचपी वाढतील’ म्हणालं, तर त्याच गाडीचा, त्याच दिवशीचा, आधीचा आणि नंतरचा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

‘गाडीला बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला थोडा अडथळा, लागतोच’ हे वाक्यही कानावर येईल. टर्बोच्या मागे प्रेशर जितकं कमी तितकं टर्बोला बरंच. स्विफ्टसारख्या बिनटर्बोच्या इंजिनाचं गणित थोडं वेगळं. तिथे वायूचा वेग टिकवावा लागतो, आणि फार जाड पाइप टाकला की खालच्या आरपीएमला गाडी मंदावते. म्हणजे तिथेही लागतो तो वेग, अडथळा नव्हे.

थोडक्यात, पैसे जाणार आहेत ते आवाजासाठी. यात लाजण्यासारखं काही नाही. एकदा हे मान्य केलं की पुढची निवड सोपी होते.

दुसरी पायरी: कायदा नीट वाचून घ्या

हा भाग सगळे गाळतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा वाढल्या. परवानगी नसलेले भाग बसवून बदल केला तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाजाचं किंवा धुराचं मानक मोडलं तर कलम १९०(२): तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्सवर गदा. आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर गाडीला असलाच पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० वेगळं सांगतो.

आवाजाचा आकडा म्हणाल तर प्रवासी कारसाठी मंजुरीच्या चाचणीत मर्यादा ७४ डेसिबलची आहे. ही चाचणी उभ्या गाडीवर होत नाही. गाडी ताशी ५० किलोमीटरने येते, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून पुढे जाते आणि मायक्रोफोन साडेसात मीटरवर असतो. त्यामुळे सायलेन्सरच्या तोंडाशी मोबाइल धरून ॲपवर दिसलेला आकडा कशाशीच ताडता येत नाही. रस्त्यावरचा हवालदार मात्र बहुतेकदा कानानेच ठरवतो. फटाके काढणाऱ्या बुलेटचे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडतानाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. कारवाले त्यातून सुटतात असं समजू नका.

माझं मत सांगतो. मूळ आवाजापेक्षा किंचित भारदस्त, पण शेजारून जाताना कोणी मान वळवून बघणार नाही, इतपतच ठेवा. कायद्याच्या काटेकोर नजरेत तोही बदलच आहे आणि जोखीम तुमची, हे धरून चला. त्याहून मोठा आवाज हवा असेल तर तो ट्रॅकसाठी ठेवा. चेन्नई आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर पोलोची वन-मेक, म्हणजे फक्त त्याच मॉडेलच्या गाड्यांची, शर्यत वर्षानुवर्षं झाली आहे, म्हणजे गाडीला तिथलं वावडं नाही.

‘माझ्या एक्झॉस्टवर ई-मार्क आहे’ हा युक्तिवादही ऐकू येतो. वर्तुळातला ई आणि शेजारी आकडा म्हणजे युरोपच्या नियमांनुसार तो सायलेन्सर ठरावीक मॉडेलसाठी मंजूर आहे. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तो मार्क आणि सोबतचे कागद बघितल्याशिवाय काहीही घेऊ नये, कारण तिथे बिनमंजुरीच्या बदलाने गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच जाते. इथे पुण्यात मात्र तो मार्क दाखवून पावती टळत नाही. दर्जाची खूण म्हणून त्याला मान आहे, तेवढाच.

गाडी वॉरंटीत असेल तर एक्झॉस्टशी संबंधित दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल नेमका क्लेमच्या वेळीच बाहेर येतो.

तिसरी पायरी: कोणता तुकडा बदलायचा ते ठरवा

इंजिनापासून मागे येत गेलं की क्रम असा: मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणारा भाग), टर्बो, डाउनपाइप आणि त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायू निवळणारा, यालाच थोडक्यात कॅट म्हणतात), लवचिक बेलो, मधला पाइप, रेझोनेटर (ठरावीक सूर दाबणारा डबा), मागचा सायलेन्सर आणि शेवटी टिप, म्हणजे बाहेर दिसणारं टोक. १.० टीएसआयमध्ये मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेलं आहे. त्यामुळे या इंजिनासाठी कोणी हेडर, म्हणजे सुटं मॅनिफोल्ड, विकायला निघाला तर त्याला गाडीच माहीत नाही.

कॅटला हात लावू नका. कॅट काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच ओळखतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. पीयूसीत बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर (इंजिन चालू, गाडी उभी) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. कॅटशिवाय ती पाळणं जवळजवळ अशक्य. वर केबिनमध्ये कच्च्या पेट्रोलचा वास येतो तो वेगळाच. सेन्सरला फसवायला स्पेसर लावून देणारे मेकॅनिक भेटतील. तिथून गाडी घेऊन निघा.

राहिले दोन पर्याय. एक, फक्त मागचा सायलेन्सर बदलायचा. दोन, कॅटच्या मागचं सगळं बदलायचं, ज्याला कॅट-बॅक म्हणतात. नवख्याने पहिल्यापासून सुरुवात करावी. खर्च कमी, आवाजात फरक पुरेसा, आणि नाही आवडलं तर मूळ सायलेन्सर परत बसतो. त्यासाठी एक काळजी घ्या: पाइप कापताना सरळ जागी, नंतर क्लॅम्प लावून जोडता येईल असा कापायला सांगा. नाहीतर ‘परत बसतो’ हे बोलण्यापुरतंच राहतं.

चौथी पायरी: ड्रोन

खरी फसगत इथे होते. गॅरेजसमोर उभ्या गाडीला रेझ दिली की प्रत्येक एक्झॉस्ट छान वाटतो. त्रास सुरू होतो द्रुतगती मार्गावर, ताशी ८०-१०० ला, वरच्या गिअरमध्ये. केबिनमध्ये एक खर्जातला, सलग घुमणारा आवाज भरतो. कान दुखत नाहीत, पण अर्ध्या तासात डोकं जड होतं आणि मागे बसलेली आई ‘गाडीत काहीतरी बिघडलंय का रे?’ म्हणून विचारते. याला ड्रोन म्हणतात.

तो का येतो? तीन सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दीड स्फोट होतात. म्हणजे २,००० आरपीएमला सेकंदाला ५०, आणि ३,००० ला ७५. चार सिलिंडरमध्ये दर फेऱ्याला दोन, म्हणून २,५०० ला साधारण ८३. हे सगळे खालचे सूर. केबिनमधली हवा, छपराचा पत्रा आणि डिकीची पोकळी यांना नेमके हेच सूर आवडतात, आणि ती सोबत घुमायला लागतात. हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन एकच असल्यामुळे सेडानपेक्षा त्रास जास्त. डीएसजी किंवा ऑटोमॅटिक गाडीला तर आणखी, कारण डी मोडमध्ये गिअर लवकर वर जातो आणि गाडी तासन् तास त्याच पट्ट्यात चालत राहते.

मधला रेझोनेटर याच सुरांवर काम करतो. म्हणून ‘रेझोनेटर डिलीट करून देतो, आवाज मोकळा होईल’ हे ऐकलं की सरळ नाही म्हणा. स्वस्तात होतं आणि महिनाभरात पश्चात्ताप होतो. ड्रोन मारायला पाइपला एका बाजूने बंद असलेली फांदी जोडायचीही युक्ती आहे. तिची लांबी त्या सुराच्या लहरीच्या पाव भाग असावी लागते. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धरला, तर १०० हर्ट्झसाठी सव्वा मीटरची फांदी झाली. पोलोखाली एवढी जागा काढणं हे कौशल्याचं काम आहे, आणि गणित न करता अंदाजपंचे फांदी जोडणाऱ्याकडून ते करून घेऊ नये.

व्हिडिओवरून मात्र आवाज ठरवू नका. मोबाइलचा मायक्रोफोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि खालचे सूर पकडतच नाही, म्हणजे ड्रोन व्हिडिओत येतच नाही. तोच एक्झॉस्ट बसवलेली, तुमच्याच इंजिनाची गाडी शोधा आणि मालकाला विनंती करा. मागच्या सीटवर बसा. काचा बंद, म्युझिक बंद, वरचा गिअर, २,००० ते ३,००० आरपीएम. सपाट रस्त्यापेक्षा हलका चढ बरा, कारण इंजिनावर थोडा भार आला की ड्रोन उघडा पडतो. पंधरा-वीस मिनिटं बसून गप्पा मारता आल्या तर तो एक्झॉस्ट तुमच्या कामाचा.

आणखी एक. तीन सिलिंडरच्या गाडीतून चार सिलिंडरचा आवाज कितीही पैसे ओतले तरी येणार नाही. तिचा स्वतःचा घोगरा सूर आहे, नीट सायलेन्सर असेल तर तो गोड लागतो. सरळ पाइप टाकला की फाटतो.

पाचवी पायरी: पाइप, धातू आणि वेल्डिंग

व्यास: शंभर-सव्वाशे पीएसच्या गाडीला २ ते सव्वादोन इंच, म्हणजे ५१ ते ५७ एमएम पुरे. अडीच इंच दुप्पट ताकदीच्या गाड्यांना शोभतो. इथे घातला तर फक्त आवाज पोकळ होतो.

वाक: मँड्रेल बेंड मागा. त्यात वळणावरही पाइप गोल राहतो. साध्या प्रेसवर वाकवलेला पाइप वळणावर चेपतो. हे डोळ्याने दिसतं, फक्त बघायचं.

धातूच्या बाबतीत बाजारात ‘एसएस आहे साहेब’ एवढंच सांगतात. पण एसएसमध्ये किती जाती! ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. टिकाऊ आणि महाग. ४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास. वरून तपकिरी गंज चढतो पण आतून टिकतो, आणि बऱ्याच कंपन्या मूळ एक्झॉस्टला तोच वापरतात. तिसरा २०२, जिन्याच्या रेलिंगचा. निकेल कमी, मँगनीज जास्त, भाव कमी. लोक खिशात चुंबक घेऊन जातात: चिकटला नाही तर ३०४. इथेच फसतात. ४०९ ला चुंबक चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही, पण २०२ लाही नाही! तेव्हा चुंबकाने फक्त ४०९ वेगळा काढता येतो. ३०४ ची खात्री हवी असेल तर पाइपवरचा छापील ग्रेड बघा, बिलावर ग्रेड लिहून घ्या, किंवा स्टीलच्या दुकानात केमिकल टेस्ट करून घ्या, थेंबभर औषधाचं काम असतं. मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडच्यांनी यात हयगय करू नये. खाऱ्या हवेत २०२ वर लवकर ठिपके पडतात.

गंज आतूनही येतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर असेल तर सायलेन्सरमध्ये साचून राहतं. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी बारीक भोक आहे का ते विचारा. ती चूक नसते, पाण्याची वाट असते.

आता वेल्डिंग. आपल्याकडे टिगला सरसकट आर्गन वेल्डिंग म्हणतात. बाहेरून सगळ्यांचंच सुबक दिसतं, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून पाइपच्या आत बघा. काम करताना पाइपच्या आतही आर्गन सोडला असेल तर आतली कड गुळगुळीत, फिकट सोनेरी किंवा निळसर दिसते. नसेल सोडला तर काळपट आणि खडीसाखरेसारखी खरबरीत. तिथे वायू अडखळतो आणि काही महिन्यांनी तडाही तिथेच जातो. हे बघू न देणाऱ्या फॅब्रिकेटरकडे काम देऊ नका.

सायलेन्सरच्या पोटातही डोकावा. सरळ आरपार भोकांची नळी आणि भोवती काचेच्या लोकरीचं पॅकिंग असेल तर आवाज सुरुवातीला छान, पण पॅकिंग जळत जातं आणि दोन-तीन वर्षांत गाडी नकळत मोठी बोलायला लागते. पुन्हा पॅकिंग भरता येईल अशी रचना असेल तर उत्तम. कप्प्यांचा सायलेन्सर जड, पण आवाज वर्षानुवर्षं तोच.

सहावी पायरी: कुठून घ्यायचा

इथल्या चांगल्या फॅब्रिकेटरकडे स्टेनलेसचा कॅट-बॅक त्यामानाने स्वस्तात होतो. ऑस्ट्रियाचा रेमस किंवा इंग्लंडचा मिलटेक मागवायचा तर वाहतूक आणि कस्टम्स धरून आकडा कुठल्या कुठे जातो.

परदेशातून मागवताना मॉडेल नीट तपासा. युरोपात २०१७ मध्ये पोलोची सहावी पिढी नव्या प्लॅटफॉर्मवर आली. आपल्याकडे शेवटपर्यंत पाचवीच विकली गेली. ‘पोलो २०१९’ लिहून मागवलेला एक्झॉस्ट घरी येतो आणि गाडीखाली बसत नाही. आय-ट्वेंटीवाल्यांचंही तसंच. युरोपातली आय-ट्वेंटी एन ही १.६ टर्बोची २०४ पीएसची गाडी, आपली एन लाइन १.० ची १२० पीएसची. नावात एक शब्द जास्त, एक्झॉस्ट पूर्ण वेगळा.

सातवी पायरी: बसवण्याचा दिवस

गाडी थंड असताना न्या आणि लिफ्टवर चढवून काम करणारं गॅरेज निवडा. जॅकवर आडवं पडून पाइप सरळ बसत नाही. जुने हँगर रबर भेगाळले असतील तर त्याच वेळी नवे टाका, किंमत क्षुल्लक असते.

सगळं लागलं की बोल्ट पूर्ण आवळण्याआधी गाडीखाली उभं राहून अंतरं बघा. मागच्या ॲक्सलचा आडवा बीम, स्टेपनीचा खड्डा, बंपरची खाच आणि हीट शील्ड, प्रत्येक ठिकाणी दोन बोटं सहज जायला हवीत. पाइप गरम झाला की लांबतो. दोन मीटरचा ३०४ चा पाइप ४०० अंशांनी तापला की जवळपास १४ एमएम वाढतो. थंड असताना जेमतेम सुटा वाटणारा पाइप घाटात बीमला टकटक करायला लागतो, त्याचं कारण हेच. गाडी खाली घेतल्यावर चार माणसं बसवून एक मोठा स्पीडब्रेकर पार करून बघा, आणि खालून घासल्याचा आवाज येतो का ऐका.

लीक तपासायला गाडी थंड चालू करा. आयडलवर टिपेला जाड फडकं क्षणभर धरलं की लीक असलेल्या जोडातून फुसफुस ऐकू येते. काही दिवसांनी जोडाभोवती काजळीची काळी रेघ दिसली तरी तेच. हे आवाजापुरतं समजू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि हॅचबॅकमध्ये तो डिकीच्या फटीतून आत येऊ शकतो. डिकी उघडी टाकून सामान नेणाऱ्यांनी विशेष जपावं.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत लिफ्टवर घालून क्लॅम्प आणि बोल्ट आवळून घ्या, कारण तापून-निवून ते सैल होतातच. त्याच आठवड्यात पीयूसी काढून आकडे आधीच्या कागदाशी ताडा.

आणि मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका, गॅरेजमध्येही ठेवून येऊ नका. घरी आणा, आतलं पाणी निथळू द्या, तोंडं कापडाने बांधा आणि माळ्यावर टाका. गाडी विकताना बहुतेक गिऱ्हाईक मूळ एक्झॉस्टच मागतं, आणि सेकंडहँड पोलोचा मूळ सायलेन्सर धड अवस्थेत मिळवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.